पट कमी म्हणून बाई नाहीत, बाई नाहीत म्हणून पट कमी

पत्र:

बाई, नमस्कार. मी भांडुपला राहते. मिस्टर रिक्षा चालवतात, मी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. शाळेवर त्याचा जीव आहे. पण यंदा त्याच्या बाईंना मतदार यादीच्या कामाला लावलं आणि महिनाभर तिसरी-चौथी एकाच वर्गात बसवली. गेल्या वर्षी वर्गात 38 मुलं होती, आता 27 आहेत. आमच्या चाळीतली चार मुलं खाजगी इंग्रजी शाळेत गेली. तिथे वर्षाला 48 हजार फी, व्हॅनचे वेगळे. बचत गटातून कर्ज मिळेल. मिस्टर म्हणतात, काढ त्याला. मी स्वतः याच शाळेत शिकले, म्हणून पाय निघत नाही. 25 टक्क्यांत त्याचा नंबर लागेल का? नाही काढलं तर ही शाळा सुधारेल का? मोठ्या बाई म्हणतात, पॉलिसी वरून येते, आपल्या हातात काही नाही. खरंच काही नसतं का?
– एक आई, भांडुप

उत्तर:

ताई, नमस्कार.

आधी उत्तर, मग कारणं. यंदा मुलाला काढू नका. कर्ज तर मुळीच काढू नका. पण मुलाला तिथे ठेवायचं तर आपण गप्प बसून चालणार नाही. तुमच्या मोठ्या बाई म्हणतात ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं त्यांनी तुम्हाला सांगायला हवं होतं. मी 31 वर्षं महापालिकेच्या शाळांत काढली, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर. मीही आयांना ते सांगितलं नव्हतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

खाजगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी राखलेल्या 25 टक्के जागांचं आधी संपवते. आपल्याकडे ते प्रवेश शाळेच्या पहिल्या पायरीलाच होतात, म्हणजे नर्सरीला किंवा पहिलीला. चौथीतल्या मुलाला ती वाट नाही. कोणी एजंट पैसे घेऊन "करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता मुलाचं बघू, कारण शाळेच्या आधी तो आहे. आज रात्री जेवणं झाली की तिसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या. त्याने न वाचलेलं एखादं पान उघडा आणि मोठ्याने वाचायला लावा. मग पुस्तक मिटून विचारा, काय वाचलंस ते सांग. अडखळला तरी चालेल, अर्थ सांगता आला पाहिजे. त्यानंतर हातच्याची एक वजाबाकी द्या, 502 वजा 268. मधलं शून्य मुद्दाम आहे, मुलं तिथेच अडकतात. हे दोन्ही जमलं तर मुलाचा पाया ठीक आहे, घाबरण्यासारखं काही नाही. जमलं नाही तर तो महिनाभराचा खड्डा आहे आणि तो भरून निघतो. बाई परत आल्या असतील तर त्यांना नेमकं सांगा, "वाचतो, पण अर्थ सांगत नाही." "लक्ष द्या हं" म्हणून भागत नाही, कारण ते बाई दिवसातून दहा वेळा ऐकतात. नेमकं सांगणारी आई त्यांच्या लक्षात राहते.

त्या खाजगी शाळेतही एकदा जाऊन या. मान्यता आहे का आणि शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला क्रमांक काय, एवढंच विचारा. महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते, त्यात नाव नाही ना ते पाहा. मग चाळीतल्या त्या चार मुलांच्या आयांना शिकवणीला किती पैसे जातात ते विचारा. चौथीपर्यंत मराठीत शिकलेलं मूल एकदम इंग्रजीत टाकलं की वर्गात त्याला कळत नाही, घरी कोणाला सांगता येत नाही, मग शिकवणी लागतेच. इंग्रजीची तुमची काळजी मला समजते आणि ती खोटी नाही. आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, ते तुमच्या शाळेत खरोखर शिकवलं जातं का आणि पुढे सेमी इंग्रजीचा वर्ग आहे का, हे मात्र विचारा. आणखी एक विचारा, आठवी झालेली मुलं नववीला कुठे गेली? त्या उत्तरावरून शाळेचं बरंच कळतं.

आता पटाची गोष्ट. तुमच्या पत्रातले 38 आणि 27 हे दोन आकडे मी बराच वेळ पाहत बसले. वर्गाच्या फळ्यावर कोपऱ्यात रोज लिहिलेलं असतं ना, पट इतका, हजर इतके? मुलांना तो आकडा हजेरीचा वाटतो. सरकारदरबारी त्याच्यावर बाईंची नोकरी ठरते. दरवर्षी 30 सप्टेंबरचा पट धरून कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवतात, त्याला संचमान्यता म्हणतात. शिक्षण हक्काच्या 2009 च्या कायद्याची अनुसूची पाहा. पहिली ते पाचवीत मिळून 121 मुलं असतील तर पाच शिक्षक, म्हणजे वर्गाला एक. 120 असतील तर चार. एका मुलाचा दाखला निघाला की एक शिक्षक जाऊ शकतो, आणि दोन वर्ग कायमचे एका खोलीत येतात. तुमच्याकडे महिनाभर झालं ते पुढे वर्षभर होईल. ते पाहून आणखी चार आया दाखला काढतील, पुढच्या सप्टेंबरात पट आणखी खाली येईल आणि साहेब म्हणतील, पालकांनाच ही शाळा नको आहे.

हे चक्र मी माझ्या शाळेत डोळ्यांनी पाहिलं आहे. पट कमी म्हणून शिक्षक काढले आणि शिक्षक नाहीत म्हणून पट गेला. कागदावर मात्र पहिलंच वाक्य लिहिलं जातं, दुसरं कोणी लिहीत नाही. राज्याच्या शिक्षण धोरणाकडे मला मागायचं आहे ते एवढंच आहे: वर्ग तिथे शिक्षक. पहिली ते पाचवी पाच वर्ग असतील तर पाच शिक्षक, पट कितीही असो. आधी शिक्षक द्या, तीन वर्षं हलवू नका, आणि मग पट मोजा. कायद्याने घातलेली रेघ किमान आहे, तिच्या खाली जाऊ नका एवढंच ती सांगते. राज्याला तिच्या वर जायला कोणी अडवलेलं नाही. आपल्याकडे तीच कमाल म्हणून वापरतात. उलट 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांचे, विशेषतः सहावी ते आठवीचे शिक्षक धोक्यात आले. सहावीपासून गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना वेगळा शिक्षक हवा, असं तोच 2009 चा कायदा सांगतो. मग पट घटला म्हणून विज्ञान शिकवायचं नाही का?

एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करते. मुंबईत एकाच इमारतीत शाळा क्रमांक एक, दोन, तीन अशा असतात, सकाळ-दुपारच्या अधिवेशनात, वेगवेगळ्या माध्यमांच्या. एकाच जिन्यावर एकाच माध्यमाच्या दोन रोडावलेल्या शाळा असतील तर त्या एक करायला माझी हरकत नाही, मुलांना त्यात सोबतच मिळते. पण "जवळच्या शाळेत समायोजन" म्हणून सात वर्षांच्या मुलाला हायवे ओलांडून किंवा रुळांच्या पलीकडे पाठवणार असाल तर ती शाळा बंद केल्यासारखीच आहे. राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे. ते किलोमीटर नकाशावर मोजतात. भांडुपच्या टेकडीवर पावसात एक किलोमीटर म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या हातात काय आहे, ते आता सांगते. शिक्षण हक्काच्या याच कायद्याच्या कलम 21 ने प्रत्येक सरकारी आणि पालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात चारातले तीन सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतला असतो, मुख्याध्यापक नुसता सचिव. म्हणजे कागदावर शाळा तुमची आहे.

प्रत्यक्षात काय होतं? मी करत होते तेच सांगते. महिनाअखेरीला सभेची वही भरायची असायची. मी घरी बसून इतिवृत्त लिहायचे: "सर्व विषयांवर सविस्तर चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर." दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना शिपाईमामा वही घेऊन दारात उभे. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात धाकटं मूल अशा आया यायच्या आणि दप्तर गुडघ्यावर टेकवून सही करायच्या. "ताई, इथे." झाली सभा. एकदा एका आईने वही हातात घेतली आणि तिथेच भिंतीला टेकून वाचायला लागली. सावकाश, ओठ हलवत. मागे रांग लागली. मामा म्हणाले, अहो, नंतर वाचा. ती म्हणाली, "यात लिहिलंय मुलींच्या संडासाचं पाणी सुरू आहे. ते सुरू नाही. मी सही कशी करू?"

मला त्या दिवशी राग आला होता. रात्री झोप लागली नाही, कारण तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडून खरं लिहिलं, "पाणी जून महिन्यापासून बंद." पुढच्या तपासणीला साहेबांनी वही चाळली, बोट त्याच ओळीवर थांबलं. त्याआधी मी तीन अर्ज केले होते, हलला नव्हता एकही कागद. ती ओळ वहीत आल्यावर तीन आठवड्यांत प्लंबर आला. नोकरी करणाऱ्या मुख्याध्यापिकेचा अर्ज बाजूला ठेवता येतो. पालकांच्या ठरावाचं तसं नसतं, त्याचं उत्तर कोणाला तरी द्यावं लागतं.

म्हणून समितीत जा. निवड पालकसभेत होते, नाव द्यायचं. पोळीभाजीच्या वेळा सांभाळून सभा ठेवा असंही सांगता येतं. तुम्ही त्याच शाळेत शिकलात, तुमच्याइतकं त्या इमारतीला ओळखणारं कोण आहे?

बाईंच्या मतदार यादीच्या कामाबद्दल मात्र नीट समजून घ्या, नाहीतर राग त्या बाईंवर निघेल. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक, या तीन कामांना शिक्षक लावता येतात, हे कलम 27 मध्येच आहे. त्या नाही म्हणू शकत नाहीत. पण यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशी करून घ्यावं, शाळेच्या वेळेत नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच म्हटलेलं आहे. तेव्हा प्रश्न असा विचारायचा: बाईंना शाळेच्या वेळेत का पाठवलं, किती दिवस, आणि त्या दिवसांत वर्गाला बदली शिक्षक का दिला नाही? हा प्रश्न बाईंच्या विरोधात नाही, त्यांच्या बाजूचा आहे. बहुतेक शिक्षक मनातून तुमचे आभार मानतील.

दुसरं काम सप्टेंबरच्या आधीचं आहे आणि फार साधं आहे. संचमान्यतेत आता आधार जुळलेली मुलंच धरतात. नाव, जन्मतारीख, मुलगा की मुलगी, यातलं काहीही शाळेच्या नोंदीशी जुळलं नाही, तर मूल बाकावर बसलेलं असूनही हिशेबात नाही. आपल्याकडे कितीतरी मुलांचं आधार गावी काढलेलं असतं, आडनाव एक, शाळेत दुसरं. वर्गशिक्षिकेकडून अशा मुलांची यादी घ्या आणि तुम्ही चार आया मिळून ती घरं गाठा. वर्गात अशी तीन-चार मुलं निघाली तर एक शिक्षक वाचण्याइतका फरक पडू शकतो. मूल वर्गात दिसतंय, मुख्याध्यापिका सही करून सांगतेय, तरी शासनाला ते दिसत नाही, ही पद्धतच चुकीची आहे आणि ती बदलायला हवी. पण ती बदलेपर्यंत मुलं मोजली गेली पाहिजेत.

तिसरं काम दिवाळीच्या सुमारास. कलम 22 खाली समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि शासनाने किंवा महापालिकेने अनुदान त्याच्यावर आधारून द्यायचं असतं. महापालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प, ज्याला अर्थसंकल्प 'ई' म्हणतात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडतात. 2025-26 साठी तो 3,955 कोटींच्या वर होता. पैसे नाहीत असं मुंबईत तरी कोणी म्हणू नये. आमच्या शाळांत दप्तरापासून रेनकोटापर्यंत 27 वस्तू मुलांना मिळतात, चांगलंच आहे. पण वस्तूंची निविदा निघते तशी घाई वर्गाला शिक्षक द्यायची कधी दिसली नाही. डिसेंबरच्या आत तुमचा आराखडा गेला, त्यात "चौथीला पूर्णवेळ शिक्षक, अनुपस्थितीत बदली शिक्षक" ही पहिली मागणी असली, तर तो वेळेत पोचला.

आणि वरच्यांचं काय? महापालिकेत मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. शाळेचं गाऱ्हाणं घेऊन जायला प्रभागात दार नव्हतं. जानेवारी 2026 ला निवडणूक झाली, आता आहे. त्या दारात जा. पण शिक्षकसंख्येचे निकष मंत्रालयात ठरतात, तेव्हा आमदारांकडेही गेलंच पाहिजे. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. विधान परिषदेत शिक्षकांचे आमदार असतात, पण त्यांचे मतदार माध्यमिक आणि वरचे शिक्षक. प्राथमिकच्या बाईंना ते मत नाही. म्हणजे पहिली ते चौथीच्या वर्गासाठी सभागृहात खास असा कोणीच बसलेला नाही. तिथे बोलणारे तुम्हीच, आपल्या विधानसभेच्या आमदारामार्फत. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आधी महिनाभर एका पानाचं निवेदन द्या आणि त्यात एकच प्रश्न घाला: आपल्या मतदारसंघात किती प्राथमिक वर्गांना आज स्वतंत्र शिक्षक नाही? हा तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणारा प्रश्न होऊ शकतो. उत्तर मंत्र्यांना द्यावं लागतं.

वरून आलेली पॉलिसी परत वर जाते, हे आपण अलीकडेच दोनदा पाहिलं. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना 25 टक्क्यांतून सूट, अशी अधिसूचना निघाली. पालक न्यायालयात गेले आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, लोक बोलले, जूनअखेर तो मागे घेतला गेला. शिक्षक कमी करणाऱ्या निर्णयावर मात्र रस्त्यावर एवढा आवाज झाला नाही. मला वाटतं त्याचं कारण असं की ज्यांचा आवाज पोचतो त्यांची मुलं त्या वर्गात नाहीत. 1882 साली महात्मा फुल्यांनी इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे हेच मांडलं होतं, की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांसाठी, तेव्हा पैसा आधी प्राथमिक शाळांना द्या. तुम्ही तेल-साबणावर भरता तो करच आहे, ताई. शाळा तुम्हाला कोणी दान दिलेली नाही.

मिस्टरांशी भांडू नका. ते मुलाच्या भल्याचंच बोलतात. त्यांना सांगा, मार्चपर्यंतची मुदत द्या. मार्चमध्ये पुन्हा तेच करा, एक पान वाचायला आणि एक वजाबाकी. मूल पुढे गेलेलं नसेल, वर्गाला बाई नसतील, तर दुसऱ्या चांगल्या पालिका शाळेत किंवा अनुदानित मराठी शाळेत घाला, मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. शाळा वाचवायची जबाबदारी नऊ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर नको, ती आपल्या खांद्यावर घ्यायची.

या आठवड्यात एकच कागद करा. साध्या फुलस्केपवर, मुख्याध्यापिकांच्या नावे: "इयत्ता चौथीच्या वर्गशिक्षिका जूनपासून आजपर्यंत किती दिवस अशैक्षणिक कामावर होत्या, त्यातले किती दिवस शाळेच्या वेळेत, आणि त्या दिवसांत वर्ग कोणी घेतला, याची लेखी माहिती द्यावी व हा विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत घ्यावा." खाली निदान पाच आयांच्या सह्या. एक प्रत महापालिकेच्या एस विभागाच्या (भांडुप त्यातच येतं) प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांना. उत्तर आलं नाही तर कलम 32 खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते, आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी कागद देताना तुमच्या प्रतीवर तारीख आणि आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर पोच मिळेपर्यंत टेबलापासून हलू नका.